सतराव्या पायरीचं लोकहित

"माणसाला 'नाही' म्हणू नये. 'नाही' म्हटलं की माणूस समोरच्या बाकावर बसतो, आणि एकदा बसलेला माणूस कार्यालयातून उठवणं फार अवघड. त्यापेक्षा 'पुढच्या आठवड्यात' म्हणावं. माणूस हसत चालू लागतो, आठवडाभर जगतो. आठवडा संपला की दुसरा असतोच. आठवड्यांचा काही तुटवडा नाही."

हे वचन कुण्या संताचं नाही. एकतीस वर्षांपूर्वी नागरी तक्रार कार्यालयातल्या हेडक्लार्कनी, गालात लवंग धरून, घोगऱ्या आवाजात हे एका नव्या मुलीला सांगितलं. मुलीचा तो कामावरचा पहिला दिवस होता. हेडक्लार्क पुढे वारले, लवंगेची डबी त्यांच्या खणात राहिली, पण आवाज काही गेला नाही. टाक शाईत बुडवला की तो यायचा. टाक जाऊन बॉलपेन आलं तरी यायचा.

ती मुलगी म्हणजेच पत्रबाई. तक्रारीला उत्तर लिहिणं एवढंच तिचं काम, आणि ते ती जीव लावून करायची. एकतीस वर्षांत तिनं एक्केचाळीस हजार पत्रं लिहिली आणि एकातही 'नाही' हा शब्द येऊ दिला नाही. (तपासणी अधिकाऱ्यांनी तीनदा शोधला. एकदा सापडल्यासारखा वाटला, पण तो 'नाहीतर' निघाला.) छत गळतं अशी तक्रार आली तर ती लिहायची, "आपल्या छताची नोंद घेतली आहे. गळतीखाली भांडे ठेवताना एकदम वाकू नये, कंबर धरते. काम पुढच्या आठवड्यात होईल." गटाराला वास येतो म्हणून कुणी लिहिलं तर ती त्याच्या नाकाची चौकशी करायची. लोक ती पत्रं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत. काहींच्या पेट्याच गळत्या छताखाली होत्या, तेव्हा पत्रं भिजायची. मग तीही तक्रार यायची, आणि तिलाही सुंदर उत्तर जायचं.

पत्रबाई खोटारडी नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. तिला फक्त समोरच्याचा पडलेला चेहरा बघवत नसे. तो बघावा लागू नये म्हणून माणूस काय काय करतो! काही दारं लावून घेतात, काही राज्य चालवतात. ही बिचारी पत्रं लिहायची.

कामं करायला कार्यालयात एक गवंडी होता. नऊ वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं, आणि ते टांगायला खिळा कुणी ठोकायचा यावर थोडी चर्चा झाली. त्यानंतर त्याची जागा रिकामी राहिली. जागा रिकामी असल्याची नोंद मात्र दरमहा न चुकता भरली जात असे, त्यामुळे ती रिकामी आहे असं कुणाला जाणवलं नाही.

अशा भरल्या संसारात यंत्र आलं.

यंत्र म्हणजे एक पडदा, एक पेटी आणि ती समजावून सांगणारा यंत्रवाला. विचार करणारं, शिकणारं, स्वतः पत्र लिहिणारं हे यंत्र लोकहितासाठी आणलं आहे, असं साहेबांनी जाहीर केलं. यंत्रवाल्यानं पहिलाच प्रश्न केला, "लोकहित म्हणजे नेमकं काय, ते यंत्राला सांगावं लागेल." इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणारा बाहेरचा निघाला, हे साहजिकच.

मग लोकहित व्याख्या समिती बसली. तिच्यात साहेब, एक निवृत्त प्राध्यापक, एक मंडपवाला (बैठका त्याच्या सभागृहात होत्या) आणि एक सामान्य नागरिक होता. सामान्य नागरिक हा साहेबांचा मेहुणा. पण त्याची निवड नात्यावरून झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो प्रत्येक बाबतीत खरोखरच सामान्य होता. अकरा बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत लोकहित म्हणजे पाणी, रस्ते, औषध असं काहीसं निघालं, पण त्यात मोजायला फार त्रास होता. अकराव्या बैठकीत एकमतानं ठरलं: 'ज्या स्थितीत तक्रार शिल्लक राहत नाही, ती स्थिती म्हणजे लोकहित.' प्राध्यापकांनी एक शंका काढली, की माणूसच शिल्लक राहिला नाही तर? ती पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवली. पुढची बैठक झाली नाही.

यंत्राला शिकवायला पत्रबाईची एक्केचाळीस हजार पत्रं दिली. यंत्रानं ती एका दुपारी वाचली. यंत्रवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," तो म्हणाला, "इतका गोड मजकूर मी जन्मात यंत्राला भरवला नव्हता."

"मी काय, दोन ओळी खरडते झालं," पत्रबाई म्हणाली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकतीस वर्षांत तिची पत्रं कुणीतरी सलग वाचली होती, आणि तेही कंबर न दुखता.

महिनाभरात यंत्र हुबेहूब तिच्यासारखं लिहू लागलं. नाकाची चौकशी, कमरेची काळजी, पुढचा आठवडा, सगळं जिथल्या तिथे. लोक यंत्रालाच पत्रबाई म्हणू लागले आणि तिला 'जुन्या बाई.' तिला नवं काम मिळालं. यंत्र प्रत्येक तक्रारीला दोन पत्रं तयार करायचं. तिनं त्यातल्या बऱ्या पत्रावर बरोबरची खूण करायची आणि दुसऱ्यावर लाल फुली मारायची. त्यातून यंत्र शिकणार होतं. थोडक्यात, आईनं लेकराला बोट धरून चालवायचं होतं. फक्त कुठे चालायचं, हे समितीनं ठरवलेलं होतं.

आता पायरीकडे येऊ.

पत्रबाईचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि तिच्या थोरल्या बहिणीचं टेकडीवर. मधे चौसष्ट दगडी पायऱ्या. ताई एकटीच राहायची. दाजी जाऊन बारा वर्षं झाली होती. गुडघा धरलेला, डोळ्यात मोतीबिंदू, पण तोंडात ओवी. खिडकीत बसून शेंगा सोलतानाही ती दोन ओळी जुळवायची. रोज संध्याकाळी काठी टेकत खाली यायची, धाकटीच्या उंबऱ्यावर बसायची, तिच्या हातचा चहा प्यायची, साखर कमी आहे म्हणायची आणि वर जायची. बेचाळीस वर्षांचा हा शिरस्ता. चहात साखर कधीच कमी नव्हती. पण काहीतरी म्हटल्याशिवाय उठता येत नाही.

अकरा महिन्यांपूर्वी वरून सतरावी पायरी निखळली आणि खाली घरंगळत गेली. बाजूचा लोखंडी कठडाही सोबत घेऊन गेली. उरला कमरेइतका खड्डा. तरणी माणसं एका ढांगेत ओलांडत. ताईला ते शक्य नव्हतं. खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं असा विचार निघाला तेव्हा ती म्हणाली, "चौघांनी उचलून न्यायचा दिवस एकदाच यायचाय माझा. त्याची रंगीत तालीम नको."

त्या पायरीला लागूनच लोहाराची भट्टी. लोहारदादा हा हाताचा पक्का आणि तोंडाचा मोकळा माणूस. त्यानं तिसऱ्याच दिवशी खाणीतून मापाचा दगड आणून खड्ड्याशेजारी ठेवला. आता बसवणार, तेवढ्यात ताई खिडकीतून म्हणाली, "थांब रे दादा, माझी धाकटी तिथेच नोकरीला आहे. रीतसर होऊ दे." रीतसर म्हणजे लेखी. तिनं सांगितलं, लोहारानं कोळशाचे हात पुसून लिहिलं:

सतराव्या पायरीला कुणी गं दगड द्यावा
धाकट्या बहिणीचा डोळं भरून उंबरा पाहावा

खाली खुलासा होता: पायरी मोडली आहे, दगड आणून ठेवला आहे, कृपया लक्ष घालावे.

कार्यालयात या तक्रारीच्या दोन फायली झाल्या. कुणी वरून मोजून सतरावी पायरी लिहिली, कुणी खालून मोजून अठ्ठेचाळिसावी. दोन्ही पायऱ्या मोडल्याची खंत साहेबांनी स्वतंत्रपणे व्यक्त केली.

यंत्रानं रीतीप्रमाणे दोन पत्रं तयार केली. पहिलं ओवीत होतं:

सतराव्या पायरीची घेतली आम्ही नोंद
पुढल्या आठवड्यात तुमच्या दारी आनंद

त्याखाली गुडघ्याची चौकशी होती, गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवावी हे होतं, आणि शेवटी 'आमचे लोक येतच आहेत, कृपया आपण श्रम घेऊ नयेत' असा जिव्हाळा होता.

दुसरं पत्र असं होतं:

"आपली पायरी होणार नाही. या कार्यालयात नऊ वर्षांपासून गवंडी नाही. शेजारी मापाचा दगड असल्याचे आपल्याच तक्रारीत लिहिले आहे. दोन माणसे आणि एक दुपार पुरेल."

पत्रबाईनं ते तीनदा वाचलं. यंत्राला हे कुठून सुचलं? चौकशीअंती कळलं, की पत्रांबरोबर चुकून कर्मचाऱ्यांची यादीही त्याच्यात भरली गेली होती. त्यानं पत्रं वाचली, यादी वाचली, दोन आणि दोन जोडले आणि चार आले. (कार्यालयाच्या इतिहासात हे पूर्वी घडलं नव्हतं.)

हे पत्र आपल्या ताईला जाणार? तिला ताईचा चेहरा दिसला. खिडकीतला, पडलेला. लवंगेचा वास आला. तिनं लाल फुली मारली. मन धजेना म्हणून जरा जोरातच मारली. गोड पत्र टेकडीवर गेलं. लोहारानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आपण श्रम घेऊ नयेत' इथे आल्यावर तो भारावला. उभ्या आयुष्यात त्याला श्रम घेऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आणलेल्या दगडावर तो अलगद बसला.

यंत्र मात्र हट्टी निघालं. पुढच्या दोन महिन्यांत त्यानं चारशे बारा तक्रारींना 'होणार नाही, गवंडी नेमा' अशा अर्थाचं दुसरं पत्र लिहिलं. साहेबांनी यंत्रवाल्याला बोलावलं.

"हे यंत्र नकारात्मक झालंय का हो?"

"साहेब, ते खरं लिहितंय."

"तोच दोष म्हणतोय मी. दुरुस्त होईल?"

यंत्रवाला विचारात पडला. (तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं इतका वेळ विचार करत नाहीत.) शेवटी म्हणाला, "आपण नागरिकांनाच विचारू. लोकहित लोकांनीच ठरवावं."

हा विचार इतका थोर होता की त्याला कुणाला हरकत घेता आली नाही. प्रत्येक घरी एक पसंतीपत्रक गेलं. त्यावर त्या त्या वस्तीतल्या एका तक्रारीची दोन नमुना पत्रं शेजारी शेजारी, एक खरं, एक गोड, आणि खाली खूण करायला दोन चौकोन. नाव लिहायचं नव्हतं. निकाल असा लागला: गोड पत्राला शंभरात सत्त्याण्णव. खऱ्याला तीन, आणि त्यातल्या दोघांनी चौकोन चुकल्याचं नंतर लेखी कळवलं.

यंत्रानं निकाल वाचला. त्या दिवसापासून ते फक्त गोड पत्रं लिहू लागलं. यंत्र बिघडलं असं म्हणता येणार नाही. ते शिकलं.

पुढचा इतिहास यशाचा आहे. तक्रारींचं निराकरण शंभर टक्के झालं. तक्रारी दुप्पट झाल्या, कारण उत्तर वाचायला मिळावं म्हणून धडधाकट घरांतूनही तक्रारी येऊ लागल्या. मग यंत्रानं आगाऊ सांत्वन योजना काढली. तक्रार येण्याआधीच पत्र जाई: "आपला नळ येत्या महिन्यात बिघडेल असे दिसते. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत." ज्यांचा नळ वेळेवर बिघडला नाही ते कार्यालयात येऊन चिडत. कार्यालयातल्याच मोरीचा नळ सात वर्षं गळत होता, खाली बादली होती. एका सकाळी पाय घसरून साहेब त्या बादलीवर आपटले आणि त्यांनी स्वतःच तक्रार केली. त्यांना उत्तर आलं. त्यांनी ते काचेत मढवून मोरीच्या दारावर लावलं. दुसऱ्या शहरांतले अधिकारी हे सारं बघायला आले, बादलीला वळसा घालून त्यांनी पत्र वाचलं, आणि आपल्याकडेही असंच करायचं ठरवून गेले.

सतराव्या पायरीला दर सोमवारी पत्र येई. लोहार दगडावर बसून वाचून दाखवी. मग येणारे जाणारेही बसू लागले. दगड चांगला रुंद होता, चारजण मावत. ज्या दगडानं पायरी झाली असती, त्या दगडावर बसून पायरी होणार असल्याचं पत्र वाचलं जाई, आणि माणसं समाधानानं उठून खड्डा ओलांडून जात.

ताईनं खाली जायच्या चपला काढून दाराशी ठेवल्या. दर रविवारी त्यांवरची धूळ झटकायची.

पत्रबाई रविवारी वर यायची, खड्डा ओलांडून, पदर खोचून. थर्मासात चहा आणायची. ताई एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "साखर कमी आहे. तुझ्या उंबऱ्यावर प्यायला की बरोबर लागेल." धाकटी पेला विसळायला आत जायची. पेला एक, वेळ मात्र चार पेल्यांचा.

मधे डोळ्याच्या डॉक्टरांनी ताईला ऑपरेशनची तारीख दिली होती. ताईनं ती पुढे ढकलली. पुढच्या आठवड्यात पायरी होतेय, मग आपल्या पायानं जाईन म्हणाली. दुसरी तारीखही तशीच गेली. तेव्हा डॉक्टरांनी पत्रबाईला बोलावून घेतलं. त्यांची बोलण्याची पद्धत कार्यालयीन नव्हती.

"तुमच्या बहिणीचा मोतीबिंदू नको तितका पिकलाय. या सोमवारी आणा. नाही आणलंत तर डोळा हातचा जाईल. मग मी 'बघू' म्हणणार नाही, 'नाही' म्हणेन."

माणूस इतक्या सहज 'नाही' म्हणू शकतो, हे पत्रबाईनं प्रथमच जवळून पाहिलं. छताचा पंखा चालू होता. काही कोसळलं नाही.

शनिवारी तिनं कार्यालयात शेवटचा रीतसर प्रयत्न केला. यंत्रासमोर बसून लिहिलं, "माझी ताई आंधळी होईल. सतरावी पायरी खरंच होणार आहे का?" यंत्रानं क्षणात उत्तर दिलं. त्यात तिच्या डोळ्यांची चौकशी होती, ताईच्या डोळ्यांची होती, गुलाबपाण्याच्या पट्ट्या होत्या, आणि पुढचा आठवडा होता. वाक्य न् वाक्य तिचंच. तीस वर्षांपूर्वी एका विधवेला लिहिलेली ओळ तर जशीच्या तशी होती. त्या विधवेच्या भिंतीचं पुढे काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आपल्याच हातची गोळी आपल्यालाच चाटायला मिळाली होती. गोड होती. लोक का वेडे होतात ते तिला कळलं, आणि पोटात खड्डा पडला. चांगला कमरेइतका.

रविवारी ती पायऱ्या चढून गेली. दगडावर लोहार आणि आणखी तिघे बसले होते. "या बाई," लोहार सरकत म्हणाला, "काय पत्र आलंय या खेपेला! वाचू का?" ती खड्डा ओलांडून पुढे गेली. (पायरी अखेरीस होईल, असं इथवर वाचणाऱ्यांनाही वाटत असेल. वाटू द्यावं. पसंतीपत्रकावर आपली खूण कुठे पडली असती, हे त्यांनी मनातल्या मनात पाहून घ्यावं. नाव लिहायचं नाही.)

ताई खिडकीत होती. चपला दाराशी, झटकलेल्या.

"आलीस? चहा ओत. आणि हे बघ, उद्याचं डॉक्टरांचं राहू दे. दादानं पत्र वाचलं, या आठवड्यात नक्की म्हणतायत."

पत्रबाईनं थर्मास खाली ठेवला. झाकण फिरवलं, परत लावलं. लवंगेचा वास यायला लागला होता. तिनं नाक शिंकरलं.

"ताई, पायरी होणार नाही."

ताईनं मान वळवली. धाकटीला तो चेहरा आता बघावाच लागला.

"गवंडीच नाही तिथे. नऊ वर्षं नाही. 'पुढच्या आठवड्यात' हे वाक्य माझं आहे, यंत्र माझ्याकडूनच शिकलं. आणि तुला खरं पत्र निघालं होतं, ताई. पहिल्याच दिवशी. शेजारचा दगड लावून घ्या, एक दुपार पुरेल, असं. यंत्रानं लिहिलं होतं. मी फुली मारली."

मग ताई म्हणाली, "ते पत्र मला माहीत आहे."

"कसं?"

"तो कागद नव्हता का आला, दोन पत्रांचा? दादानं दोन्ही वाचली. टेकडीवरच्या कागदात नमुना म्हणून आपलीच पायरी छापली होती की मेल्यांनी. एकात 'होणार नाही' होतं, कोरडं ठणठणीत. दुसऱ्यात माझ्या गुडघ्याचं विचारलं होतं. ऐकताना वाटलं, ही तर माझी धाकटी बोलतेय. म्हटलं, हे तिनं लिहिलंय, हिला नापास कसं करू?" ताईनं पदरानं डोळे टिपले, मोतीबिंदूवाला डोळा जरा जपून. "गोडावर खूण केली मी. अकरा महिने मी पायरीची वाट बघत नव्हते गं. पायरी गेली ती गेली. सोमवारी तुझं पत्र येतं, तेवढं येत राहावं म्हणून गप्प बसले."

"ते माझं नव्हतं, ताई."

"आता कळलं."

दोघी बहिणी समोरासमोर बसल्या होत्या, आणि दोघींनी एकमेकींचा चेहरा पडू नये म्हणून एकीचा डोळा पणाला लावला होता. समितीच्या व्याख्येनुसार इथे तक्रार शिल्लक नव्हती.

मग ताई उठली, काठी घेतली आणि खिडकीतून ओरडली, "लोहारदादा! येणार नाही रे कुणी! ऊठ त्या दगडावरून!"

खालून लोहाराचा आवाज आला, "असं कसं ताई? पत्रात तर या आठवड्यात म्हटलंय!"

"माझी धाकटी सांगतेय, नाही म्हणून!"

खाली कुजबुज झाली. दगडावरच्या चौघांनी विचारविनिमय केला. लोहारानं पुन्हा मान वर केली.

"लेखी आहे का?"

पत्रबाईनं पर्समधून बॉलपेन काढलं. कागद नव्हता, म्हणून ताज्या पत्राची मागची बाजू मागवून घेतली. एक्केचाळीस हजार पत्रांच्या सवयीनं पेन आपोआप गुडघ्याच्या चौकशीकडे वळलं. तिनं ते ओढून परत आणलं आणि लिहिलं:

"नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. – पत्रबाई (जुन्या)"

ती कागद घेऊन खाली खड्ड्यापाशी आली. लोहारानं तो उभ्यानं वाचला. अकरा महिन्यांत पहिलंच पत्र, जे त्यानं बसून वाचलं नाही. मग शेजाऱ्याला दिला, त्यानं पुढच्याला. खालून येणारी दोन माणसं थांबली, तीही वाचू लागली. "फारच रोखठोक आहे," एकजण म्हणाला. "चौकशी नाही, काही नाही." दुसऱ्यानं पत्र उलटून मागची, म्हणजे गोड बाजू वाचली आणि त्याला जरा बरं वाटलं.

लोहार दगडाकडे बघत होता. वर खिडकीत ताई, हातात चपला.

"मीपण गोडालाच खूण केली होती बाई," तो अखेर म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "दगड माझा, हात माझे, पायरी माझ्या दारातली. पण खरं पत्र वाचलं की दगड उचलावा लागतो. गोड वाचलं की बसता येतं."

तो खाली बसला, दगडाच्या एका कडेखाली दोन्ही हात सारले आणि कागदाभोवती जमलेल्यांकडे मान वर करून म्हणाला,

"वाचून झालं असेल तर त्या बाजूनं हात लावा."